भोपळा, ज्योत आणि भारहीनता

भारतीय दर्शनांनी आणि संप्रदायांनी मुक्तीचा विचार बहुधा दोन चित्रांच्या आधाराने मांडला आहे: एक ओझे उतरण्याचे आणि दुसरे पाणी तरून जाण्याचे. ही दोन्ही चित्रे इतकी सरावाची झाली आहेत की ती एकमेकांत मिसळली तरी कुणाला काही खटकत नाही; ज्याचे ओझे उतरले तो हलका झाला आणि जो हलका झाला तो तरला, असे समीकरण कीर्तनापासून प्रवचनापर्यंत सर्वत्र गृहीत धरलेले असते. विसाव्या शतकात माणूस प्रत्यक्ष भारहीन अवस्थेत राहू लागल्यावर मात्र हे समीकरण तपासून पाहणे शक्य झाले, आणि तपासल्यावर असे दिसते की हलके असणे आणि भारहीन असणे या दोन निरनिराळ्या अवस्था असून हलकेपणा हा शेवटी वजनाच्याच राज्यातला व्यवहार आहे. हा भेद भौतिकशास्त्राने स्पष्ट केला असला तरी त्याची चाहूल दर्शनग्रंथांत फार आधीपासून लागते, आणि सर्वांत नेमकी लागते ती जैन विचारात.

श्वेतांबर आगमांपैकी ज्ञाताधर्मकथा या अंगग्रंथातील सहावे अध्ययन तुंब्याचे, म्हणजे वाळलेल्या पोकळ भोपळ्याचे आहे. जीव जड कसा होतो आणि हलका कसा होतो, असा प्रश्न शिष्य इंद्रभूती गौतम महावीरांना विचारतात आणि उत्तरादाखल महावीर कोठेही न फुटलेल्या कोरड्या भोपळ्याचा दृष्टान्त देतात. तो भोपळा दर्भाने वेढून त्यावर मातीचा लेप द्यायचा, लेप उन्हात वाळवायचा, पुन्हा दर्भ आणि पुन्हा लेप, असे आठ वेळा करून मग तो खोल पाण्यात सोडला तर तळाशी जाऊन बसतो; पुढे लेप भिजून, कुजून एकेक करून सुटत जातो तसतसा भोपळा तळापासून वर सरकत जातो आणि आठही लेप गेले की पाण्याच्या पृष्ठभागावर येतो. आठ लेप म्हणजे आठ प्रकारची कर्मे, आणि वर येणे म्हणजे मुक्त जीवाचे लोकाच्या अग्रापर्यंत, विश्वाच्या माथ्यापर्यंत, जाणे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते की जैन मतानुसार कर्म हे केवळ नैतिक हिशेबाचे नाव नाही. ते सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्याचेच अतिबारीक रूप असून जीवाला खरोखरच चिकटते. म्हणून मातीच्या लेपाची उपमा इतरत्र असते त्यापेक्षा या दर्शनात जास्त शब्दशः घ्यावी लागते, आणि तिची भौतिक बाजू तपासणे हा आगाऊपणा ठरत नाही.

पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला सुका भोपळा बांधण्याची आणि भोपळ्यांची सांगड करून नदी उतरण्याची रीत ज्या प्रदेशात होती, तेथील श्रोत्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नसे. तरीही भोपळा वर का येतो याचे कारण वाटते तितके उघड नाही. ग्रीक गणिती आर्किमिडीजने इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात, तरंगणाऱ्या वस्तूंवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की पाण्यात बुडलेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने ती वर ढकलली जाते. या जोराला उत्प्लावक बल म्हणतात, आणि त्याचे मूळ असे की पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जात असल्यामुळे वस्तूच्या खालच्या अंगाला पाणी जास्त रेटते आणि वरच्या अंगाला कमी. खोलीबरोबर दाब का वाढतो, तर वरच्या पाण्याचे वजन खालच्या पाण्यावर पडते म्हणून. म्हणजे भोपळ्याला वर ढकलणारे बल भोपळ्यात नसते, ते पाण्याच्या वजनातून येते. पाणी स्वतः खाली जाऊ पाहते आणि त्या चढाओढीत भोपळ्याला वरची जागा मिळते.

हिशेब करून पाहिला तर दृष्टान्तातली एक गंमत समोर येते. चार लिटर आकारमानाचा आणि अर्धा किलो वजनाचा भोपळा पूर्ण बुडवला तर तो चार किलो पाणी बाजूला सारतो, म्हणून साडेतीन किलोच्या जोराने वर उसळतो. त्यावर आठ किलो माती थापली आणि ती माती स्वतः सुमारे चार लिटर जागा व्यापते असे धरले, तर एकंदर वजन साडेआठ किलो होते आणि सारलेले पाणी आठ किलो. केवळ अर्ध्या किलोच्या फरकाने तो तळ गाठतो. आता यातली एक किलो माती सुटली की वजन साडेसात आणि सारलेले पाणीही साडेसातच, आणि त्याहून चिमूटभर जास्त माती गेली की भोपळा निघतो तो थेट पृष्ठभागापर्यंत, अंगावर जवळजवळ सात लेप असतानाच. लेप याहून जाड दिले तर सीमारेषा पुढे सरकेल इतकेच. मधल्या पाण्यात पायरीपायरीने थांबत वर येणे मात्र कोणत्याही भोपळ्याला साधणार नाही, कारण स्थिर पाण्यात वस्तू एक तर बुडते किंवा वर येते आणि अधेमधे तोलून राहणे हा क्षणाचा योगायोग असतो. दृष्टान्ताला मात्र पायऱ्या हव्या आहेत, कारण जैन साधनामार्गात आत्मिक विकासाच्या चौदा पायऱ्या, ज्यांना गुणस्थाने म्हणतात, मानलेल्या आहेत आणि कर्मांचा क्षय क्रमाक्रमाने होतो. पाणी येथे सिद्धान्ताच्या मदतीला पुरते येत नाही. सिद्धान्तच पाण्याला आपल्या सोयीने वागवतो. दृष्टान्ताकडून एवढी ओढाताण सहन करून घेण्याची मुभा धर्मकथेला असते, आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न याच्या पलीकडचा आहे. हाच भोपळा, हेच पाणी, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाश स्थानकात नेले तर काय होईल? उत्तर असे की काहीही होणार नाही. मातीने लिंपलेला भोपळा बुडणार नाही आणि लेप निघालेला भोपळा वर येणार नाही. ज्याला जेथे ठेवावे तो तेथेच राहील, आणि सुटलेली मातीसुद्धा तळाशी न बसता त्याच्याभोवती गढूळ ढगासारखी रेंगाळेल. अशा स्थानकात पाण्यात शिरलेले हवेचे बुडबुडे वर जात नाहीत, आहेत तेथेच राहतात, हे अवकाशयात्रींनी वारंवार पाहिलेले आहे. पाण्याला वजन जाणवेनासे झाले की दाबातला फरक नाहीसा होतो आणि त्याबरोबर उत्प्लावक बलही जाते. तरंगायला वजन लागते, हे विधान ऐकायला उलटे वाटले तरी अक्षरशः खरे आहे.

भारहीनतेविषयीचा सर्वांत पक्का गैरसमज असा की अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. पृथ्वीची त्रिज्याच सुमारे ६,३७० किलोमीटर असल्यामुळे एवढ्याशा उंचीने पृथ्वीची ओढ फारशी सैल होत नाही आणि तेथे ती जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ दशांश असते. स्थानक, त्यातली माणसे, उपकरणे, हवा आणि पाणी हे सगळे मिळून एकसारखे पृथ्वीकडे पडत असते. फक्त त्याला ताशी सुमारे २८,००० किलोमीटरचा आडवा वेग असल्यामुळे ते जितके खाली येते तितकीच खालची जमीन वळलेली असते, आणि पडणे न संपता दीड तासाला पृथ्वीचा एक फेरा होतो. सगळेच एका गतीने पडत असल्यामुळे कोणी कोणावर टेकत नाही, पायाखालची जमीन पायाला रेटत नाही, आणि वजन म्हणून जे आपल्याला एरवी जाणवते तो हा रेटाच असल्यामुळे वजन जाणवत नाही. भारहीनता म्हणजे आधाराचा अभाव होय, ओढीचा नव्हे.

पाण्यावर उताणे पडून राहणाऱ्याची स्थिती याच्या अगदी उलट असते. त्याच्यावर पृथ्वीची ओढ पुरेपूर असते आणि पाण्याचा आधारही पुरेपूर असतो. आधार सगळ्या अंगाला वाटून मिळाल्यामुळे तो टोचत नाही, एवढेच. विहिरीतून घागर शेंदताना ती पाण्यात असेपर्यंत हाताला जेमतेम धातूचे वजन लागते आणि पाण्याबाहेर निघाली की दोराला एकदम हिसका बसतो. घागरीचे वजन त्या क्षणी वाढलेले नसते, आतापर्यंत ते पाण्याने झेललेले असते. हाच भेद अवकाशयात्रींच्या प्रशिक्षणात फार बारकाईने लक्षात घ्यावा लागतो. ह्यूस्टन येथे नासाचा जो प्रशिक्षण हौद आहे तो सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल असून त्यात अवकाश पोशाख घातलेल्या प्रशिक्षणार्थ्याला वजने आणि फेसाचे तुकडे लावून असे तोलतात की तो बुडूही नये आणि वर येऊही नये. १९६६ मध्ये जेमिनी-९ मोहिमेत यानाबाहेर काम करताना यूजीन सर्नन यांची दमछाक झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ मधून गेलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी पाण्याखाली सराव करून यानाबाहेरचे काम सुरळीत पार पाडले, तेव्हापासून या पद्धतीचा दबदबा आहे. मात्र हौदातला माणूस पोशाखासकट तोललेला असला तरी पोशाखाच्या आत तो आपल्या पूर्ण वजनानिशीच असतो: त्याला उलटे केले तर रक्त डोक्याकडे उतरते, खांदे पोशाखाला टेकून दुखतात, आणि अंतर्कर्णात असलेले खनिजाचे सूक्ष्म कण नेहमीप्रमाणे एका बाजूला झुकून खाली कोणते आणि वर कोणते हे मेंदूला सांगत राहतात. कक्षेत गेल्यावर हे कण झुकायचे थांबतात, आणि निम्म्याहून अधिक अवकाशयात्रींना पहिल्या काही दिवसांत मळमळीचा जो त्रास होतो त्याचे एक मोठे कारण हेच मानले जाते.

भोपळ्याविषयीची ही शंका तत्त्वार्थसूत्रापाशी नेली तर ती अधिक धारदार होते. उमास्वातींचा हा ग्रंथ श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य आहे, आणि त्याच्या दहाव्या अध्यायात मुक्त जीव वरच का जातो याची चार कारणे आणि, दिगंबर पाठानुसार, त्यांच्या जोडीचे चार दृष्टान्त दिलेले आहेत. पूर्वीचा वेग टिकून राहतो म्हणून, कुंभाराने दांड्याने फिरवून सोडलेल्या चाकाप्रमाणे. संग, म्हणजे चिकटलेला मळ, सुटतो म्हणून, लेप गेलेल्या भोपळ्याप्रमाणे. बंध तुटतो म्हणून, बोंड तडकताच उडणाऱ्या एरंडाच्या बीप्रमाणे. आणि वर जाणे हा स्वभावच आहे म्हणून, अग्नीच्या ज्योतीप्रमाणे. परंपरेने हे चार दृष्टान्त एका पंक्तीला बसवले आहेत. भारहीन अवस्थेत त्यांची परीक्षा घेतली तर मात्र पंक्तीत दोन तट पडतात. कुंभाराचे चाक अवकाश स्थानकातही फिरत राहील आणि एरंडाची बीही उडेल, कारण फिरत राहण्याला आणि तडकण्याला वजनाची गरज नसते. भोपळा आणि ज्योत हे दोन दृष्टान्त मात्र तेथे निकामी होतात. भोपळ्याचे कारण वर आलेच आहे. ज्योतीचेही तेच आहे: तापलेली हवा हलकी होते आणि भोवतालची जड थंड हवा तिच्या जागी घुसून तिला वर लोटते, म्हणून ज्योत निमुळती होऊन उभी राहते. १९९२ मध्ये कोलंबिया या अवकाशयानात मेणबत्ती पेटवून पाहिली तेव्हा तिची ज्योत वर न जाता वातीभोवती जवळजवळ गोल, मंद आणि निळसर झाली. उभी ज्योत हा अग्नीचा स्वभाव नाही, तो हवेच्या वजनाचा परिणाम आहे.

येथे एका मोहापासून सावध राहायला हवे, आणि तो मोह दोन्ही बाजूंनी येतो. विज्ञानाने सूत्रकारांना खोटे पाडले असे म्हणणे उथळपणाचे आहे, कारण जीव हा जैन मतानुसार पुद्गल नसल्यामुळे त्याला वजनच नाही आणि त्याच्या गतीचा सिद्धान्त भोपळ्याच्या वर्तनावर उभारलेलाही नाही. दृष्टान्त समजावण्यासाठी असतो. त्याउलट, आपल्या पूर्वजांना भारहीनता ठाऊकच होती असे सांगत सुटण्याची जी सवय अलीकडे बळावली आहे तीही तितकीच उथळ आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की भोपळा आणि ज्योत यांतून निघणारी वर जाण्याची कल्पना अपुरी पडते, हे परंपरेला दुसऱ्या एका वाटेने जाणवलेले दिसते. जैन तत्त्वज्ञानात द्रव्याच्या एका सामान्य गुणाला अगुरुलघुत्व म्हणतात. याचा अर्थ जड नसणे आणि हलकेही नसणे. सिद्धांच्या, म्हणजे मुक्त जीवांच्या, आठ गुणांतही याची गणना होते. द्रव्यसंग्रह या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या ब्रह्मदेवांनी यामागचा तर्क मोठ्या नेमकेपणाने दिला आहे: सिद्ध जर सर्वथा जड असता तर लोखंडाच्या गोळ्यासारखा खाली कोसळला असता, आणि सर्वथा हलका असता तर वाऱ्याने उडवलेल्या रुईच्या कापसासारखा भ्रमत राहिला असता, ज्या अर्थी तो यांपैकी काहीच करत नाही त्या अर्थी तो दोन्हींच्या पलीकडचा असला पाहिजे. हलकेपणाला येथे मुक्तीचे लक्षण म्हणून नाकारले आहे, ही गोष्ट भोपळ्याचा दृष्टान्त शेकडो वेळा ऐकवणाऱ्या परंपरेच्या संदर्भात फार मोलाची आहे. सिद्ध लोकाग्राला का थांबतो याचे उत्तरही पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा वेगळे दिले जाते: गतीला साहाय्य करणारे धर्मास्तिकाय नावाचे जे अदृश्य माध्यम मानलेले आहे, ते तेथे संपते म्हणून.

वैशेषिक दर्शनाने हाच प्रश्न मुक्तीचा संदर्भ न आणता हाताळला. त्याच्या पदार्थव्यवस्थेत गुरुत्व हा चोवीस गुणांपैकी एक आहे. तो पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत असतो आणि पहिल्या पतनक्रियेचे कारण होतो, तर पुढचे पडणे वेग नावाच्या संस्कारामुळेही होत राहते. फळाला देठाचा संयोग धरून ठेवतो, पक्ष्याला त्याचा प्रयत्न आणि बाणाला त्याचा वेग. हे अडथळे दूर झाले की गुरुत्वाचा अंमल चालू होतो. लघुत्व नावाचा वेगळा गुण मात्र या दर्शनाने मानला नाही, गुरुत्वाचा अभाव एवढ्यावर त्याची बोळवण केली, आणि अग्नीच्या वर झेपावण्याचे कारण हलकेपणात न शोधता अदृष्टावर, म्हणजे न दिसणाऱ्या कारणावर, सोपवले. अग्नीला निखळ हलकेपणा बहाल करणाऱ्या ॲरिस्टॉटलपेक्षा हा निर्णय जास्त सावध म्हणावा लागेल. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी गुरुत्व अतींद्रिय मानले: ते कोणत्याही इंद्रियाला कळत नाही, पडण्यावरून त्याचे अनुमान करावे लागते. डोक्यावर भारा वाहणाऱ्याला हे पटणे कठीण आहे. पण डोक्याला जे कळते ते भाऱ्याचे टेकणे. ओढ कळत नाही. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या आइनस्टाइनला असा विचार सुचला की छपरावरून पडणाऱ्या माणसाला, पडत असेपर्यंत, स्वतःचे वजन जाणवणार नाही, आणि या विचाराला त्याने पुढे आपल्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार म्हटले. १९१५ चा व्यापक सापेक्षता सिद्धान्त त्यातूनच वाढला. प्रशस्तपाद आणि आइनस्टाइन यांचे प्रश्न वेगळे होते आणि त्यांना एकाच रांगेत उभे करण्यात अर्थ नाही. पण जे जाणवते ते आणि जे ओढते ते एकच नव्हे, एवढी गोष्ट निव्वळ विचाराने हाताशी येऊ शकते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथात तर पडण्याचा प्रश्न थेट पृथ्वीलाच विचारलेला आहे. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात पृथ्वी सतत खाली पडत आहे या बौद्ध मताचे खंडन केले. त्यांचा मुद्दा असा की पृथ्वी पडत असती तर वर फेकलेली वस्तू परत तिच्यापर्यंत पोचलीच नसती, कारण जास्त जड असल्यामुळे पृथ्वी जास्त वेगाने पडली असती. शिवाय पृथ्वी आपल्या शक्तीने जड वस्तूंना स्वतःकडे ओढते म्हणून त्या पडल्यासारख्या दिसतात, आणि सभोवार आकाश सारखेच असताना पृथ्वीने पडायचे तरी कोणीकडे? यातला शेवटचा प्रश्न अजोड आहे, कारण वर आणि खाली या दिशा विश्वात आधीपासून आखलेल्या नसतात हे त्यात गृहीत आहे. तरीही या वादात बौद्ध पक्षाची बाजू वाटते तितकी पडकी नव्हती. पृथ्वी खरोखरच पडते आहे, सूर्याकडे, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर आडव्या वेगाने, आणि तिच्याबरोबर सगळेच पडत असल्यामुळे कुणाला त्याचा पत्ता नाही. जड वस्तू जास्त वेगाने पडते हे भास्कराचार्यांचे गृहीत बरोबर असते तरच त्यांचे खंडन टिकले असते.

भारहीनतेचा आत्मविचाराशी संबंध सर्वांत धीटपणे लावला तो मात्र भारताबाहेर, इब्न सिना या इराणी तत्त्वज्ञाने. ९८० ते १०३७ हा त्याचा काळ. आत्म्यावरील आपल्या विवेचनात त्याने अशा माणसाची कल्पना करायला सांगितले की जो एकाएकी पूर्णपणे घडलेला असून हवेत किंवा पोकळीत अधांतरी आहे, ज्याचे डोळे झाकलेले आहेत, ज्याला हवेचा स्पर्शही जाणवत नाही आणि ज्याचे हातपाय एकमेकांना लागत नाहीत. अशा माणसाला आपल्या शरीराची काहीच खबर नसेल, तरी आपण आहोत हे तो निःसंशय म्हणेल. इब्न सिनाने त्याला पाण्यावर तरंगत ठेवले नाही, हे सहेतुक आहे, कारण पाणी अंगाला लागते आणि जेथे आधार आहे तेथे शरीराची खबर आहे. त्याने मांडलेल्या अटींच्या सर्वांत जवळ जाणारी अवस्था आज अवकाशयात्री अनुभवतात, आणि डोळे मिटल्यावर आपले हातपाय कोठे आहेत याचा अंदाज चुकतो असे त्यांच्यापैकी काहींनी सांगितले आहे. पण अनुभवाने कल्पनेला दुजोरा दिला असे मात्र म्हणता येत नाही. शरीर विस्मरणात जाण्याऐवजी तेथे ते नव्या तक्रारी घेऊन पुढे येते: रक्त आणि इतर द्रव वरच्या अंगाकडे सरकून चेहरा सुजतो, पाय बारीक होतात, भार वाहण्याचे काम उरले नाही म्हणून मांड्यांची आणि कमरेची हाडे व्यायाम न केल्यास महिन्याला एक टक्क्याच्या आसपास झिजतात, आणि ती झीज रोखण्यासाठी रोज सुमारे दोन तास शरीराला मुद्दाम राबवावे लागते. १९८४ मध्ये सॅल्यूट-७ स्थानकात राकेश शर्मा यांनी योगासनांचा प्रयोग केला तो भारहीनतेचे हे परिणाम आवरण्यासाठीच. ज्याला ओझे म्हणून हिणवले जाते त्या वजनानेच हाड घडवलेले असते.

योगदर्शनाची या बाबतीतली भूमिका पाहण्यासारखी आहे. सांख्यांच्या मते सत्त्वगुण हलका आणि प्रकाशक, तर तमोगुण जड आणि झाकणारा. पतंजलींच्या विभूतिपादात शरीर आणि आकाश यांच्या संबंधावर संयम, म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी यांचा एकत्रित प्रयोग, केल्याने आणि कापसासारख्या हलक्या वस्तूशी चित्त एकरूप केल्याने आकाशगमन साधते असे म्हटले आहे, आणि उदान या प्राणभेदावर जय मिळवल्याने पाणी, चिखल आणि काटे यांचा स्पर्श होत नाही असेही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या वर्णनात वाऱ्यावर आरूढ होणे आणि पाण्यावरून चालतानाही पाय पाण्याला न लागणे या गोष्टी येतात. परंतु सांख्यांना सत्त्वाच्या हलकेपणावर थांबायचे नसून तिन्ही गुणांच्या पलीकडच्या पुरुषाचे ज्ञान हवे आहे, पतंजलींनी अशा सिद्धींना समाधीतले अडथळे म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरही वाटेत सहज आलेल्या सिद्धींपाशी रेंगाळत नाहीत. लघिमा, म्हणजे हलके होण्याचे सामर्थ्य, ही सिद्धी असेल; कैवल्य नव्हे. ब्रह्मदेवांनी सिद्धाला कापसापासून वेगळे काढले त्यामागचा विवेक आणि हा विवेक एकाच जातीचा आहे, आणि दोघांच्याही हाताशी कापसाचेच उदाहरण असावे हे मौजेचे आहे.

मग तरण्याचे काय? भक्तिसंप्रदायांनी भवसागर तरून जाण्याची भाषा सोडली नाही, आणि भारहीनतेच्या तुलनेत तरणे ही खालची अवस्था ठरवणे चुकीचे होईल, कारण भक्ताने मागितलेली गोष्टच वेगळी आहे. निराधार होण्यात ज्ञानमार्गी साधकाला मुक्ती दिसत असेल. भक्ताला आधार हवा असतो, आणि आपले वजन नाहीसे व्हावे असा त्याचा आग्रह नसतो. तुकोबांच्या वह्यांची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. इंद्रायणीच्या डोहात बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या असे परंपरा सांगते, महीपतींच्या संतचरित्रांतून ही कथा घरोघर पोचली, आणि ती सांगताना वह्यांना दगड बांधले होते हे आवर्जून सांगितले जाते. म्हणजे कागद हलका म्हणून तरला, हा खुलासा कथेने स्वतःच आधी बाद करून टाकलेला आहे. वह्या कोरड्याच निघाल्या असेही कथा म्हणते, तेव्हा पाण्याने त्यांना झेलले हा खुलासाही उरत नाही. लघिमेचे किंवा योगसामर्थ्याचे नाव या प्रसंगी वारकरी कधी घेत नाहीत, आणि तुकोबांनी तेरा दिवस तीरावर केले ते अनुष्ठान नव्हते, विठ्ठलाच्या दारी धरलेले धरणे होते.